दुकान छान चालतंय, पण दोघं मिळून सासूबाईंना भेटायला जाता येत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी 47 वर्षांची, मध्य न्यू जर्सीत राहते. नवरा 51 चा. तो आयटीत होता, ग्रीन कार्ड आल्यावर 2013 मध्ये नोकरी सोडून त्याने इथली एक इंडियन ग्रोसरी विकत घेतली. नंतर आम्ही त्यातच पोळी-भाजी, दिवाळीचा फराळ, गणपतीत उकडीचे मोदक असा काउंटर सुरू केला. दुकान सकाळी 9 ते रात्री 9, सातही दिवस, फक्त थँक्सगिव्हिंगला बंद. तो आठवड्याला 80 तास तरी दुकानात असतो, शिवाय दोनदा पहाटे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारात भाजी आणायला जातो. माझे साधारण 50 तास होतात. घर आहे, कर्ज फिटत आलंय, वर्षाअखेर एक लाख दहा हजार डॉलरच्या आसपास हातात राहतात. पण आम्ही दोघं मिळून 2017 नंतर भारतात गेलेलो नाही, एक जातो आणि एक दुकान बघतो. सासूबाई साताऱ्याला एकट्या असतात. मुलगी बारावीत आहे, शनिवार-रविवार तीच गल्ल्यावर बसते, पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. आता नवऱ्याला शेजारच्या गावात दुसरी जागा मिळतेय, दिवाळीपर्यंत लीजवर सही करायचीय. तो म्हणतो पाच वर्षं दम धर, मग आरामच आराम. मी नको म्हटलं की म्हणतो, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना. मराठी मंडळात सगळे कौतुक करतात. मग मलाच वाटतं, मी कृतघ्न आहे का? त्याला कसं समजावू?

नमस्कार ताई,

आधी ते कृतघ्न वगैरे डोक्यातून काढून टाका. जी बाई आठवड्याला 50 तास उभी राहून पोळ्या लाटते, हिशोब बघते, गिऱ्हाईकांच्या तक्रारी ऐकते, तिने "मी दमलेय" म्हणणं ही कृतघ्नता नाही. तुम्ही त्या दुकानाच्या अर्ध्या मालक आहात, कागदावर असाल नसाल (त्यावर पुढे बोलणारच आहे), आणि मालकाने धंद्याबद्दल मत द्यायचंच असतं.

दुसरं म्हणजे तुम्ही विचारलंय की त्याला कसं समजावू. म्हणजे तुम्ही असं धरून चाललाय की त्याला कळत नाहीये. मला तसं वाटत नाही. जो माणूस बारा वर्षं आठवड्यातून दोनदा अंधारात व्हॅन काढून ब्राँक्सला जातोय त्याला थकवा म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको, आई साताऱ्याला एकटी आहे हेही त्याला रोज माहीत असतं. मला वाटतं दुसरं दुकान हा त्याने या थकव्यावरच शोधलेला उपाय आहे. त्याला वाटतंय एका दुकानात आराम परवडत नाही, दोन झाली की माणसं ठेवता येतील, मग आपण मोकळे. हेतू चांगला आहे, हिशोब चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि म्हणून भांडण हेतूवर नको, हिशोबावर करा. "तुला आमची पर्वा नाही" असं म्हणालात तर तो दुखावणार आणि आणखी हट्टाला पेटणार, आणि ते खरंही नाही.

तर हिशोब. तुमच्या दोघांचे मिळून आठवड्याला 130 तास. हेच तास पगारी माणसांनी केले असते तर? 2025 मध्ये न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी किमान वेतन तासाला 15.49 डॉलर होतं. त्या दराने आठवड्याचे 2,013 डॉलर, वर्षाचे 1,04,700 च्या पुढे. त्यावर मालकाने भरायचा सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा) यांचा 7.65 टक्के कर धरा, आकडा 1,12,000 च्या वर जातो. आणि तुमच्या हातात राहतात 1,10,000. म्हणजे ताई, तुम्ही ज्याला दुकानाचा नफा म्हणताय ती तुमची दोघांची मजुरी आहे, तीसुद्धा किमान वेतनाच्या दराने, आणि किमान वेतनात पहाटे हंट्स पॉइंटला जाणारा माणूस कोणालाच मिळत नाही. मुलीचे शनिवार-रविवारचे तास तर मी धरलेलेच नाहीत.

हे वाचून वाईट वाटेल, पण तुमच्या मेहनतीला कमी लेखायला मी हे सांगत नाहीये. परदेशात येऊन छोटं दुकान, मोटेल, रेस्टॉरंट चालवणाऱ्या बहुतेक कुटुंबांचं गणित असंच उभं राहतं, घरच्यांचे न मोजलेले तास हेच त्यांचं भांडवल असतं. अमेरिकेतले गुजराती मोटेलवाले असेच वर आले, कुटुंब मोटेलमध्येच राहायचं, बायका खोल्या साफ करायच्या, पोरं शाळेतून आली की फ्रंट डेस्कवर. पहिलं मोटेल उभं करायला ही पद्धत चालली. पण त्यातले जे पुढे दहा मोटेलचे मालक झाले ते स्वतःचे तास वाढवून झाले नाहीत (दिवसाला तास 24 च असतात ना), तर पगारी मॅनेजर ठेवूनही मोटेल नफ्यात चालतं हे आधी जमवून मग झाले.

आणि इथेच तुमच्या नवऱ्याच्या प्लॅनमधली खोच आहे. पहिलं दुकान तुमच्या फुकटच्या 130 तासांवर चालतंय, ते तास दुसऱ्या दुकानाला कुठून आणणार? तो तिकडे गेला की इकडे तुमचे 50 चे 80 होणार, मुलगी तर कॉलेजला गेलेली असणार. नाहीतर दोन्हीकडे माणसं ठेवणार, आणि माणसं ठेवली की वरच्या हिशोबाने पहिल्या दुकानात काही उरत नाही, मग दुसऱ्यात कसं उरेल? शिवाय लीजवर वैयक्तिक हमी मागतात, एसबीएचं (छोट्या धंद्यांच्या कर्जाला हमी देणारी सरकारी संस्था) कर्ज घेतलं तर 20 टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते आणि घरसुद्धा तारण जाऊ शकतं. पन्नाशीत, कर्ज फिटत आलेलं असताना, हे परत अंगावर घ्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे, या दिवाळीला सही नको. कायमचं नको म्हणत नाहीये मी. पहिलं दुकान तुमच्या दोघांशिवाय सलग दोन आठवडे नीट चालतं हे एकदा दिसू दे, मग दुसऱ्याचा विचार करा, तोपर्यंत दुसरं दुकान म्हणजे दुप्पट अडकणं.

आता तुमच्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही नवऱ्याबद्दल, मुलीबद्दल, सासूबाईंबद्दल लिहिलंय, स्वतःबद्दल फार कमी. तुम्ही पेरोलवर आहात का? किंवा भागीदार म्हणून तुमची कमाई टॅक्स रिटर्नमध्ये तुमच्या नावावर दिसते का? घरच्या धंद्यात राबणाऱ्या कितीतरी बायकांचं उत्तर नाही असं असतं, "पैसे एकाच घरात येतायत ना" म्हणून कोणी बघतच नाही. पण सोशल सिक्युरिटीचं पेन्शन स्वतःच्या नावावर हवं तर 40 क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त 4 मिळतात, म्हणजे कमीत कमी 10 वर्षं. 2025 मध्ये एका क्रेडिटला 1,810 डॉलरची कमाई लागत होती, म्हणजे वर्षाला 7,240 डॉलर कागदावर आले असते तरी चारही मिळाले असते. तुमची बारा वर्षांची मेहनत कागदावर नसेल तर सरकारच्या लेखी तुम्ही काम केलेलंच नाही. नवऱ्याच्या रेकॉर्डवर बायकोला मिळतं, पण जास्तीत जास्त त्याच्या निम्मं. आणि उद्या तुमचाच हात किंवा पाठ कामातून गेली तर अपंगत्वाचा लाभ तुमच्या स्वतःच्या कमाईवर ठरतो, साधारणपणे मागच्या 10 वर्षांतली 5 वर्षं तरी कमाई दिसावी लागते. भारतात नोकरी करून पीएफ भरला असेल तर तीही वर्षं इथे धरत नाहीत, कारण भारत आणि अमेरिकेत तसा करारच नाहीये. म्हणून या आठवड्यातच सोशल सिक्युरिटीच्या साइटवर स्वतःचं खातं उघडून तुमच्या नावावर काय दिसतंय ते बघा, आणि सीपीएकडे, म्हणजे तुमचा टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटकडे, नवऱ्याबरोबर तुम्हीही जाऊन बसा. दुकान कॉर्पोरेशनच्या नावावर आहे, एलएलसी आहे की नुसतं त्याच्या एकट्याच्या नावावर, त्याप्रमाणे रस्ता वेगळा असतो, तो सीपीए सांगेल. हे पत्र वाचणाऱ्या आणि नवऱ्याच्या दुकानात "मदत करते" म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगेन, ती मदत नाही, ते काम आहे, ते कागदावर आणा.

अजून एक गोष्ट मला खुपते. न्यू जर्सीत 2018 पासून कायदा आहे, कामगाराला दर 30 तासांमागे एक तास पगारी आजारपणाची रजा, वर्षाला 40 तासांपर्यंत. तुमच्या स्टोअरमधला मुलगा तापाने फणफणला तर तो हक्काने घरी झोपू शकतो. तुमच्या नवऱ्यासाठी असं कोणी लिहून ठेवलेलं नाही, त्याची रजा त्यालाच मंजूर करायचीय आणि तो ती कधी करत नाही. त्याचं शेवटचं ब्लड टेस्ट कधी झालं? आपल्या लोकांत मधुमेह कमी वजनावरही गाठतो, म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांना 25 ऐवजी 23 बीएमआयलाच (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) तपासणी सुरू करायला सांगते. 51 वय, अपुरी झोप, उभ्या-उभ्या दुकानातलंच काहीतरी तोंडात टाकायचं, याच्यात वाट कसली बघायची? वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीला बहुतेक इन्शुरन्समध्ये कोपे, म्हणजे आपल्या खिशातून द्यायचे पैसे, लागत नाहीत. अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या, दोघांचीही. आणि तो तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये असला तर सप्लायरचे नंबर कोणाकडे आहेत, बँकेत सही कोण करणार, कूलरवाल्याला कोण ओळखतं, हे एका वहीत लिहून काढा. दोघांचा लाइफ आणि डिसेबिलिटी इन्शुरन्स, मृत्युपत्र, पॉवर ऑफ अॅटर्नी, हे नसेल तर दुसऱ्या दुकानाचं नावही काढू नका.

"तुमच्यासाठीच" याबद्दल. तो मनापासून म्हणत असणार. पण मुलीला विचारलंय का कोणी? न्यूयॉर्कमध्ये 1980 च्या दशकात भाजी-फळांची दुकानं म्हणजे कोरियन कुटुंबांची अशी ओळख होती, अनेक दुकानं चोवीस तास उघडी, आई-बाप रात्री बाजारात आणि दिवसा गल्ल्यावर. त्यांची मुलं शिकली, डॉक्टर, वकील, बँकेत लागली, दुकानात परत आलीच नाहीत, भाडी वाढली, सुपरमार्केट आली आणि ती दुकानं एकेक करून कमी झाली. आई-बापांना तेच हवं होतं, मुलांनी हे करू नये म्हणूनच ते राबले, त्यामुळे मी याला अपयश म्हणणार नाही. पण मग तुमच्या घरातही हे बोलून घ्या की मुलगी दुकान चालवणार नाहीये. चालवणार नसेल तर दोन दुकानं कोणासाठी वाढवायची? तिच्या कॉलेजची फी हा खरा खर्च आहे, तो आकडा काढा, तुम्हाला नेमके किती पैसे हवेत ते समोर येईल. "जितके जास्त तितके बरे" याला काही शेवट नसतो, आकड्याला असतो.

आणि ते मंडळातलं कौतुक. मला वाटतं तुमच्या नवऱ्यावर याचं ओझं तुमच्यापेक्षा जास्त आहे. मराठी माणसाला धंदा जमत नाही हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि जो नोकरी सोडून उतरतो त्याला सगळ्या समाजाच्या वतीने काहीतरी सिद्ध करायचंय असं वाटायला लागतं. मग तास कमी करणं, एक दिवस दुकान बंद ठेवणं, विकणं, सगळंच हरल्यासारखं दिसतं. त्याला एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे की तू सिद्ध केलंयस, बारा वर्षं दुकान चालवून कर्ज फेडत आणलंस, आता कोणाला काही दाखवायचं राहिलेलं नाही. हे वाक्य वरच्या सगळ्या हिशोबाच्या आधी बोला, नाहीतर हिशोब त्याला टोमण्यासारखा लागेल.

बंद ठेवण्याचं म्हणाल तर आपल्याकडे दुकानाला सुट्टी असणं ही लाजेची गोष्ट कधीच नव्हती. 1948 च्या दुकान कायद्यात दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं सक्तीचं होतं, प्रत्येक बाजारपेठेचा वार ठरलेला असायचा आणि गिऱ्हाइकाला तो पाठ असायचा. आता 2017 च्या कायद्याने महाराष्ट्रात दुकान वर्षभर उघडं ठेवता येतं, पण तो कायदा ज्या दुकानांना लागू आहे तिथे कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. पुण्यात दुपारी एक ते चार बंद म्हणून आपण किती हसतो, पण तो मालक घरी जाऊन गरम जेवला, आणि गिऱ्हाईक चार वाजता परत आलं. तुमच्याच राज्यात बर्गन काउंटीत अजूनही रविवारी कपड्यांची, फर्निचरची दुकानं कायद्याने बंद असतात (ग्रोसरीला ते लागू नाही) आणि तिथले मॉल काही ओस पडलेले नाहीत.

तुम्ही लगेच आठवड्याची सुट्टी जाहीर करा असं नाही म्हणत, आधी बिलिंगच्या सिस्टीममधून तासावारी विक्रीचा तीन महिन्यांचा रिपोर्ट काढा. मला जवळजवळ खात्री आहे की सोमवार-मंगळवार सकाळी 9 ते 11 मध्ये जो गल्ला होतो त्यात लाइट आणि माणूस यांचाही खर्च निघत नसेल. तिथून सुरुवात करा, ते दोन दिवस 11 ला उघडा, महिनाभर बघा काय होतं ते. पोळ्यांची ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर घ्या म्हणजे अंदाजाने लाटायला नको. हंट्स पॉइंटची एक तरी फेरी बंद करून घाऊक व्यापाऱ्याकडून डिलिव्हरी घ्या, पेटीमागे चार पैसे जास्त जातील, ते त्याच्या झोपेची किंमत म्हणून द्या. आणि एक माणूस तयार करायला घ्या, ज्याला उघडणं, बंद करणं, कॅश मोजणं, सप्लायरशी बोलणं चारही जमेल, त्याला किमान वेतनापेक्षा बरा पगार आणि नफ्यात थोडा वाटा द्या. पहिलं वर्ष तुमचे एक लाख दहा हजार नव्वद किंवा ऐंशीवर येतील. ते परवडतं का हे दोघांनी बसून बघायचं, तुमचं कर्ज फिटत आलंय म्हणजे हप्ता सुटेल, त्यामुळे मला तरी वाटतं परवडेल.

विकण्याचा पर्यायही टेबलावर असू दे. पण आत्ता विकायला काढलं तर घेणारा आधी तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न मागेल आणि दुसरा प्रश्न विचारेल, मालक किती तास काम करतो? 130 तास ऐकून किंमत पाडेल. हेच दुकान मॅनेजरवर चालणारं असेल तर चांगली किंमत येते. म्हणजे ठेवायचं असो नाहीतर विकायचं, पुढच्या दीड-दोन वर्षांत करायचं काम एकच आहे, आणि हे मला फार दिलासा देणारं वाटतं कारण अंतिम निर्णय आजच घ्यायला लागत नाही. विकताना एक लक्षात ठेवा, लीज दुसऱ्याच्या नावावर केली म्हणून तुमची वैयक्तिक हमी आपोआप सुटत नाही, जागामालकाकडून ती लेखी सोडवून घ्यावी लागते. परत आयटीत जाण्याचं मात्र त्याला सुचवू नका, निदान आत्ता नको. बारा वर्षांच्या गॅपनंतर 51 व्या वर्षी ते सोपं नाही, आणि त्याने मनात ते दार कधीच लावून घेतलं असणार. तुम्हाला स्वतःला नोकरी करावीशी वाटते का हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर नक्की विचार करा, शाळा, काउंटी ऑफिस, हॉस्पिटल, कुठेही हेल्थ इन्शुरन्ससकट नोकरी मिळाली तर घरावरचा सगळ्यात मोठा ताण कमी होतो, आणि तुमचे 50 तास दुकानाला विकत घ्यावे लागले की त्याला त्यांची किंमतही कळेल.

बोलायचं कुठे तर दुकानात नको, रात्री साडेनऊला घरी आल्यावरही नको. डायनरमध्ये जाऊन बसा, मुलगी दोन तास गल्ला बघेल. कागद बरोबर न्या, 130 तासांचा हिशोब त्याच्याच हाताने करायला लावा. आणि मागताना एकच ठोस गोष्ट मागा. माझ्या मते ती साताऱ्याची असावी, फेब्रुवारीत बारा दिवस, दोघांनी एकत्र जायचं. संक्रांतीची गडबड झालेली असते, गुढीपाडवा लांब असतो, महाशिवरात्र सोडली तर मोठा सण मध्ये येत नाही. तोपर्यंत माणूस तयार झाला तर तो बघेल, नाहीतर सरळ दुकान बंद. डिसेंबरपासून दारावर बोर्ड लावा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, दूध-भाजी-दही आधीच्या आठवड्यात कमी मागवा, फ्रीजर बघायला शेजारच्या दुकानदाराला किल्ली द्या. फक्त तिकिटं काढायच्या आधी तुमची आत्ताची लीज वाचा, दुकान सलग किती दिवस बंद ठेवता येतं याचं कलम काही लीजमध्ये असतं, तसं असेल तर जागामालकाला ईमेल करून लेखी परवानगी घ्या, आणि दुसऱ्या जागेबद्दल घाई होतेय असं वाटलं तर नवऱ्याला त्या जागेच्या मालकाला विचारायला सांगा की मार्चपर्यंत थांबाल का.